बांधावर झोपलेले दोन भाऊ

शेतकरी आणि माती यांचं नातं कॅमेऱ्यात पकडायचं, असं भारी काहीतरी ठरवून दसऱ्यानंतर मी पुण्याहून निघाले. नगर, पाथर्डी, शिरूर कासार. शेवटच्या टप्प्यात खड्ड्यांमधून रस्ता शोधावा लागतो, तेव्हा गाडी नवी असेल तर सरळ एसटीने जा. शिरूरला भजी खाऊन घ्या. पुढे हॉटेल नाही. कुणाच्या तरी घरची भाकरी मिळते आणि पैसे विचारलेत तर रागावतात.

ओळखीतून मी आसाराम आणि कुशावर्ताबाईंच्या शेतावर पोचले. दोघं दोन दिवसांनी ऊसतोडीला निघणार, ते थेट उन्हाळ्यात परतणार. मला तुरीच्या पिवळ्या फुलांत उभ्या कुशावर्ताबाई हव्या होत्या.

"फुलाचं काय घिऊन बसलाव ताई? बांधाचा फोटू काढा. आमी गेलो की भावजी नांगरताना इतभर कोरत्यात."

भावजी म्हणजे धाकटा दीर, बंकट. पलीकडचं शेत त्याचं. परत आल्यावर पुरावा हवा, म्हणून त्यांनी नवऱ्याला बांधाच्या रुंदीत आडवं झोपवलं. माणूस म्हणजे टेप! आसाराम पाय पोटाशी घेऊन जेमतेम मावले.

"गेल्या साली पाय पसरून मावत व्हते," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात बंकट पळत आला. आता डोकी फुटणार, म्हणून मी कॅमेरा पोटाशी धरला.

"त्याचाच फोटू कावून? दादा मुद्दाम पाय आखडतोय! मला झोपवा!"

आणि तो खरंच भावाशेजारी झोपला. मी बोरीवर चढले, काटे खाल्ले, फोटो काढले. खाली वासराने आसारामांचा कान चाटला, तरी ते हलले नाहीत. माप बिघडलं असतं ना!

"तुम्ही नसताना घरी तुमच्या सासूबाईंना आणि गाईला कोण बघतं?" मी वरूनच कुशावर्ताबाईंना विचारलं.

"भावजीच की. दुसरं कोन हाय?"

आडवा बंकट आभाळाकडे बघत म्हणाला, "दादा, औंदा जरा लवकर या. लई भकास वाटतं रं."

पुण्यात फोटो बघून मैत्रीण दचकली. "दोघंही गेले का गं?" मी एक मोठी प्रत त्यांच्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाच्या पत्त्यावर पाठवली. परवा उसाच्या फडातून कुशावर्ताबाईंचा फोन आला. फोटो कोपीत, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, टांगलाय म्हणे.

"बांध नीट दिसतोय ना?"

"बांध कोन बघतंय ताई? रोज कोयता घ्यायच्या आदी भावजीला दोन शिव्या घालते, मगच बाहीर पडते. हितं भांडायला आपलं कोन हाय?"