दारापुढून मुका गेलेला बँड

आधीच सांगते, नजर, करणी, भूतबाधा यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. शेजारणी दाराला लिंबू-मिरची बांधायच्या तेव्हा मी त्यांची थट्टा करायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मूळची चाकणची, लग्न होऊन पिंपरीगावात आले. मिस्टर कंपनीत होते. माहेरचं मी काय मिस करायचे, तर आमचा चाकणचा बँड! कांद्याच्या बाजाराशेजारी त्यांची तालीम चालायची. लहानपणी मी कांद्याच्या पोत्यांवर बसून तासन्‌तास ऐकायचे. मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं की मला घर आठवायचं नाही.

तर... आमचं बाळ दोन महिन्यांचं असताना देवाघरी गेलं. त्यानंतर मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. दोन घासांपुढे जेवण जात नव्हतं. घरात रेडिओ बंद, माणसं कुजबुजल्यासारखी बोलायची. सगळे मला जपत होते आणि त्या जपण्यानंच मी गुदमरत होते.

अशात गल्लीत लग्न निघालं. बँड चाकणचाच! आमच्याकडे रीत अशी, की ज्या घरात नुकतं कोणी गेलंय, त्याच्या दारापुढून वाजवत जायचं नाही. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्या काळजीनं तसा निरोपही धाडला होता. मला कळलं तेव्हा रडूच आलं. माझा बँड, आणि माझ्याच दारात मुका!

लग्नाच्या दिवशी नवरदेव मारुतीच्या पाया पडून मांडवाकडे निघाला. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. शेजारच्या कुसुमताई सोबतीला बसून तांदूळ निवडत होत्या. आणि क्लॅरिनेट सुरू झालं... अगदी दाराशी. चाल मी कधी ऐकलेली नव्हती, पण इतकी गोड, की मी नकळत गुणगुणायला लागले.

"काय म्हणतीस गं?" कुसुमताईंनी विचारलं.

"हेच की, बँड वाजवतोय ते."

"कुठं वाजतोय? बाई, काय बी वाजत न्हाई!"

मी उठून दारात आले. बँड समोरूनच चालला होता. ड्रमच्या काठ्या काखेत, मास्तरांचं क्लॅरिनेट खाली. आणि माझ्या कानात चाल चालूच! मी पायांत चपलाही न घालता त्यांच्या मागे निघाले. कुसुमताई तांदळाचं सूप टाकून माझ्यामागे.

मांडवाशी पोचल्यावर मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि तीच चाल सुरू केली. कुसुमताईंनी माझा दंड असा धरला, की वळ उठला.

वाजवून झाल्यावर मी मास्तरांना गाठलं. ते म्हणाले, "पोरी, ही चाल मी सोता बसवली. ह्या म्हयन्यातच तालीम केली, भाईर आज पयल्यांदा काढली. तुला कशी ठाव?"

चाकणला जाऊन मला वर्ष होत आलं होतं, बाळंतपणही सासरीच झालं होतं. मनाचे खेळ म्हणावेत, तर न ऐकलेली चाल मन कुठून आणणार? मिस्टरांनी, सुशिक्षित दिरांनी, पुढे मुलांनीही पुष्कळ डोकं खाजवलं. स्पष्टीकरण आजही नाही. भीती मात्र मला तेव्हाही वाटली नाही. उलट छातीवरचं ओझं कुणीतरी अलगद उतरवून ठेवावं तसं झालं.

लग्नाच्या पंगतीत मी दोनदा भात मागून घेतला. आत्याबाई खांबाशी उभ्या राहून बघत होत्या. पदरानं डोळे पुसत त्या मास्तरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "वरात माघारी नेताना आमच्या दारावरनं वाजवत जावा. चांगलं थांबून वाजवा."

मास्तर थांबले, आणि वाजवलं. ते मात्र सगळ्या गल्लीनं ऐकलं.