तिठ्यावरची रांगोळी

आज नात फाटकाबाहेर धावली आणि माझ्या रांगोळीची रेघ वाकडी गेली. एकदम काशीजवळचं ते गाव आठवलं.

इंग्रजांचं राज्य होतं. वडील काशीतला दुर्गाघाट सोडून तिथे शाळामास्तर झाले होते. घरासमोरच्या तिठ्यावर विहिरीच्या भिंतीमुळे वळणापलीकडचं दिसत नसे, आणि गंगास्नानाच्या सवाऱ्या घेऊन घोड्यांचे एक्के भरधाव येत. माझ्या काकूनं ओरडून पाहिलं, कुणी ऐकेना. मग ती रोज पहाटे दारातली रांगोळी थेट रस्त्याच्या मधोमध घालू लागली. एक्केवाले कुरकुरत, पण रांगोळीवरून चाक कोण नेणार?

एका सकाळी मी धावत सुटले आणि रांगोळीतल्या कमळावरच पालथी पडले. घोड्याचा गरम श्वास मानेला लागला, तेव्हा एक्का थांबला होता.

"बिटिया तो दिखी ही नहीं, माई," एक्केवाला घाबराघुबरा म्हणाला. "रोज रंगोली रहती है, सो मोड़ पर ही लगाम खींच ली."

माझा परकर झटकून काकू विस्कटलेली पाकळी पुन्हा काढायला बसली. तिची रेघ कधी हलत नसे, त्या दिवशी हलली. रांगोळी बिघडवली म्हणून ती रागावली, असं वाटून मी रडत राहिले.

काकूची रेघ कशानं हलली, ते आज कळलं. आजची वाकडी रेघ मी पुसली नाही. तिलाच नमस्कार केला.