ट्रकच्या कागदांतलं फूल

लासारो ओचोआने ॲरिझोनातल्या तांब्याच्या खाणीत तीस वर्षं डंपर चालवला. तेवढ्या काळात त्याने अख्खा डोंगर इकडचा तिकडे केला, पण फुलाकडे कधी मान वळवून पाहिलं नाही. बायको गेल्यावर मात्र हाच माणूस उन्हाळाभर दऱ्याखोऱ्यांत पिवळी फुलं हुडकत हिंडला.

कारण ट्रकच्या कागदांत त्याला तिने, एल्विराने, ठेवलेलं कागदी पाकीट सापडलं होतं. आत वाळून चपटं झालेलं एक पिवळं फूल आणि बारा वर्षांपूर्वीच्या तारखेखाली एक ओळ : ‘हे जिथे उगवतं, तिथे माझी राख पसर.’ जागेचं नाव नाही. एवढं नवऱ्याला कळेल, असं तिने धरलं असावं. चाळीस वर्षांच्या संसारात तिचा हा एकच अंदाज चुकला.

शेवटी तो हॅचरबाईंकडे गेला. त्याच्या दोन्ही मुली बाईंच्याच हाताखाली शिकल्या होत्या. निवृत्तीनंतर बाई वाळवंटातल्या रोपट्यांची हजेरी घेत.

“मेली पिवळी!” भिंग लावत बाई म्हणाल्या. “सगळ्या बहिणी एका तोंडाच्या. बी पाहिल्याशिवाय नाव सांगता येत नाही. फूल मोडावं लागेल.”

“बाई, एकच आहे.”

“मग घेऊन जा. फ्रेम करून लावा.”

लासारोने टोपी काढली, पुन्हा घातली. “मोडा,” म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

बाईंनी चिमट्याने एक बी ओढलं. कडेला रेशमी पांढरे केस, माथ्यावर काटा नाही. “इन्सिएन्सो. ज्याचा डिंक चर्चमध्ये जाळतात ना, ते. अहो, इथे उताराउतारावर आहे!”

“ते तर सरपण! त्याला फूल कुठे येतं?”

“दर वसंतात येतं. तुम्ही डंपरवर होतात.”

लासारोला आपलं घर आठवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली असलं एक राखाडी झुडूप होतं. बारा वर्षांपूर्वी ट्रक घेतला, तेव्हा तो उभा करायला जागा हवी म्हणून त्याने ते उपटलं. एल्विरा तीन दिवस बोलली नाही. त्याला वाटलं, दाढ दुखत असेल.

“कुठल्याही उतारावर पसरा की,” बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या.

“कुठल्याही नाही, बाई. उरलेलं बी द्या.”

“बारा वर्षांचं बी. उगवेलच असं नाही.”

“द्या तर.”

घरी येऊन त्याने ट्रक रस्त्यावर काढला, भर उन्हात. चाकांखाली दगड झालेली जमीन कुदळीने खणली, बी टाकलं. राखेचा डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. हिवाळ्यातल्या पावसाला चार महिने होते, तेही आलाच तर. लासारो खुर्ची बाहेर आणून त्या उकरलेल्या मातीसमोर बसला.