आक्कांचा धिंगाणा

धिंगाणा हा शब्द तसा लाडाचाही आहे. नातवंडं गाद्यांवर उड्या मारतात, आजी म्हणते, ‘काय धिंगाणा घातलाय मेल्यांनी!’ आणि हसते. तोच शब्द साहेबाच्या कानावर घातला, की मात्र माणसाच्या पोटावर पाय येतो.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या आक्कांचं तसंच झालं. खाली मान घालून काम करायचं, हा त्यांचा खाक्या. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता.

तिथे इस्त्रीच्या मशीनच्या तापलेल्या रुळांमध्ये ओली चादर सरकवायची असते. बोटं आत जाऊ नयेत म्हणून पुढे लोखंडी जाळी. काम लवकर उरकावं म्हणून मुकादमाने ती काढून ठेवलेली. एके दिवशी चादरीबरोबर आक्कांच्या भावजयीचा हात आत ओढला गेला. तिला इथे नोकरीला आक्कांनीच चिकटवून दिलं होतं. त्यांनी झटकन मशीन बंद केलं, तिचा हात सोडवला, आणि मग मुकादमावर तोंडाचा असा पट्टा सोडला की बस! हाताला लागलेली टोपली त्याच्या पायाशी भिरकावली. जाळी बसेपर्यंत मशीनला कुणाला हात लावू दिला नाही.

“धिंगाणा घातला साहेब यांनी,” चौकशीत मुकादम म्हणाला.

“म्हणजे नेमकं काय केलं?”

“आरडाओरडा, फेकाफेक, काम बंद. धिंगाणा म्हणजे आणखी काय असतं?”

“त्यांनीच जाळी काढली होती,” आक्का म्हणाल्या. “हिला विचारा.”

भावजयीने पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हाताखाली झाकला. “जाळी होती साहेब. माझंच लक्ष नव्हतं. वन्संनी उगाच धिंगाणा घातला.”

आक्कांच्या पायाखालची जमीन सरकली. मुकादमाचं काय, तो पहिल्यापासूनच तसला. पण हिने? जिच्या हातासाठी एवढं केलं, तिने?

आक्कांची नोकरी गेली. भावजयीची राहिली, वर घड्या घालायचं हलकं काम मिळालं.

संध्याकाळी त्या घरी आल्या. दारातच भाऊ उभा होता. आई गेल्यावर तळहातावरच्या फोडासारखा जपलेला भाऊ. हा तरी बायकोला जाब विचारेल, एवढी एकच आशा धरून त्या जिना चढल्या होत्या.

“आक्का, झालं ते झालं,” तो म्हणाला. “तिचा हात ठणकतोय. आता घरात धिंगाणा घालू नकोस.”

आक्कांनी अजून चपलाही काढल्या नव्हत्या.