क्रोबारची एक वायर

हे मी आजवर कितीतरी वेळा टाइप केलं आणि पुसलं. एकदा तर थेट सायमाच्या चॅटमध्ये टाइप केलेलं — आणि पाठवायच्या आधी बॅकस्पेस दाबून धरला. तोंडानं तर कुणालाच बोलले नाय. आईला नाय, होस्टेलच्या मुलींना नाय, वैद्य काकांना तर नायच नाय. आज पुसणार नाहीये, म्हणून भरभर लिहितेय. शुद्धलेखन बघू नको.

कुठून सुरू करू? हॅम रेडिओपासूनच करते, नाहीतर तुला काहीच कळायचं नाही. हॅम म्हंजे आपला हौशी रेडिओ. सरकारची परीक्षा द्यायची, लायसन घ्यायचं, मग गच्चीवर एक तार ताणून तू कुठल्या कुठं माणसांशी बोलू शकतेस. मी मूळची लासूर स्टेशनची, इंजिनिअरिंगला औरंगाबादला आलेली — आता संभाजीनगर म्हणायचं, पण माझ्या तोंडात अजून जुनंच येतं — आणि हे वेड मला पहिल्याच वर्षी लागलं. वैद्य काकांमुळं. काका रिटायर्ड, हर्सूलला राहायचे, गच्चीवर पत्र्याची खोली आणि त्यात त्यांचं स्टेशन. शिकायला येणाऱ्यांना नाही कधीच म्हणायचे नाहीत. फक्त चपला बाहेर आणि सोल्डरिंग गनला कुणी फुंकर मारायची नाही, एवढे दोन नियम.

सायमा तिथंच भेटली. डिप्लोमाला होती, रोशनगेटकडून यायची. तिच्या अब्बांनी काकांना एकदा स्वतः येऊन बघितलं, काकूंच्या हातचा चहा घेतला, मला विचारलं, "बेटा, तू रोज रहती ना इसके साथ?" मी हो म्हणाले, तेव्हा तिला परवानगी मिळाली. म्हंजे तिचं येणं माझ्या भरवशावर होतं. हे लक्षात ठेव. नको, राहू दे, लक्षात नाय ठेवलं तरी चालेल. मला आहेच.

काकांकडं दोन रेडिओ सेट होते. त्यातला जुना सेट, लई गोड आवाजाचा, त्यांनी सायमाला कबूल केलेला. "लायसन काढ, आणि हा घेऊन जा." माझ्याकडं भावानं आणलेला सेट होता, तिला तसं कुणी आणून देणार नव्हतं. तिच्यासाठी हाच एक रस्ता होता. परीक्षेचा फॉर्म तिनं भरलेला, मोर्सची टिकटिक तर ती बसमध्ये खिडकीच्या गजावर बोटानं वाजवत यायची. कंडक्टर एकदा म्हणाला, "ताई, थांबवायची का गाडी?"

तर त्या सेटला पॉवर सप्लाय नव्हता. घरातली लाइट सेटला चालत नाही, त्याला पावणेचौदा व्होल्टच्या आसपास लागतं, आणि भरपूर करंट. विकतचा घ्यायचा नाही, आपण बनवायचा, असं आम्ही दोघींनी ठरवलं. ट्रान्सफॉर्मर शहागंजातून गुंडाळून घेतला — उचलताना कंबर मोडली. गरमी बाहेर टाकणारी हीटसिंक चिकलठाण्याच्या भंगारातून. डबं एका मेलेल्या स्टॅबिलायझरचं. मला तेव्हा झोप यायची नाही, एवढं भारी वाटायचं. व्होल्टेज सांभाळणारं मेन बोर्ड मी बनवलं. सायमानं बनवला क्रोबार.

क्रोबार म्हंजे सप्लायच्या आतला राखणदार समज. सप्लायमधला, व्होल्टेज अडवून धरणारा मोठा ट्रान्झिस्टर कधी मेला, तर आतलं सगळं व्होल्टेज धाडकन बाहेर येतं आणि सेट जळतो. क्रोबारला ते आधी कळतं. तो एका क्षणात आउटपुट शॉर्ट करून टाकतो, फ्यूज उडतो, सेट वाचतो. बाकी वेळ तो काहीच करत नाही, नुसता बसून असतो. त्याच्या कामाची कुणाला आठवणही येत नाही. सायमानं ते बोर्ड तीनदा काढून परत बनवलं होतं. मी चिडवायचे, "काय शेवया करतीस का?" ती म्हणायची, "तेरा बोर्ड चलता तो सब देखते. मेरा चला तो समझ कुछ बिगड़ा. इसलिए पक्का चाहिए."

टेबलावर सगळं मस्त चाललं. पण सेट जोडून माईकचं बटण दाबलं की — फट. फ्यूज गेला. परत लावला, परत फट. सेट बोलायला लागला की रेडिओच्या लहरी क्रोबारच्या बारीक वायरीत शिरायच्या आणि त्याला वाटायचं व्होल्टेज चढलं. खोट्या हाकेला धावून जायचा बिचारा. उपाय सोपा होता. त्या वायरीच्या मुळाशी त्या लहरी गिळून टाकणारा, मुगाच्या डाळीएवढा एक कपॅसिटर टाकायचा. बस. पण रविवार होता, गुलमंडीतलं आमचं दुकान बंद, आणि सोमवारी सकाळी नेटवर काका सप्लायबद्दल सांगणार होते.

नेट म्हंजे रोज सकाळी एका फ्रिक्वेन्सीवर सगळे हॅम जमतात ते. तिथं एक रीत आहे. आपला नंबर आला की आपण कशावर बोलतोय ते सांगायचं — सेट कुठला, अँटेना कुठली, सप्लाय कुठला. आणि घरी बनवलेलं काही असेल तर त्याला मान. मोठमोठी माणसं थांबून विचारतात.

सायमा दुपारीच घरी गेलेली. काका खाली जेवत होते. मी — आता आलं बघ, इथंच आहे ते — मी क्रोबारची गेटची वायर, म्हंजे त्याला इशारा पोचवणारी तीच बारीक वायर, बोर्डावरून काढली. तिच्या टोकावर प्लास्टिकची स्लीव्ह चढवली आणि बाजूला दुमडून ठेवली. राखणदाराचे कान बांधले, असं म्हण. मग बटण दाबलं. काही झालं नाही. सेट सुरेख बोलला. काकांना वर बोलावून म्हणाले, झालं काका, सापडला प्रॉब्लेम.

खोटं होतं का ते? प्रॉब्लेम तर सापडलाच होता. उद्या कपॅसिटर आणून वायर परत लावू, असंच मनात होतं. खरंच होतं. पण ते महत्त्वाचं नाही.

सोमवारी काका नेटवर म्हणाले, "सप्लाय होमब्रू, आमच्या कोमल आणि सायमानं बनवलेला, क्रोबारसकट." शाब्बासक्या आल्या. पुण्याहून कुणीतरी म्हणालं, पोरींना माझा नमस्कार सांगा. सायमा माझा दंड धरून बसलेली, नखं रुतली मला. त्यानंतर काका रोज तेच वाक्य म्हणायचे. रोज सकाळी, क्रोबारसकट. आणि जितक्या वेळा ते म्हणायचे तितकं ते डबं उघडणं मला अवघड होत गेलं. कपॅसिटर मी आणलेला. माझ्या कंपासमध्ये पडून होता. डबं उघडायचं तर काकांसमोर उघडायला लागणार, आणि मग ते विचारणार, वायर का लोंबतीय? म्हंजे भीती होती, आणि थोडा आळस. थोडा नाही, बराच.

मे महिन्यात पत्र्याखालची ती खोली तवा होते. एका सकाळी काका सायमाच्या त्या कबूल केलेल्या सेटवर बोलत असताना मोठा ट्रान्झिस्टर गेला. ट्रान्झिस्टर जातात, उन्हाळ्यात जास्त जातात, त्यात कुणाचा दोष नाही. त्याचसाठी तर राखणदार असतो. सेटमधून करपल्याचा वास आला आणि तो गप्प झाला. काकांनी फोन केला. ओरडले वगैरे नाहीत. "सेट गेला गं. या दोघी, उघडून बघू."

मी आधी पोचले. होस्टेल जवळ होतं माझं, सायमाला बस आणि मग रिक्षा करून यायला लागायचं. काका म्हणाले, चष्मा खाली राहिला, आणतो. जिन्यावरून त्यांची पावलं खाली गेली. सोल्डरिंग गन तापलेलीच होती, काकांनी लावून ठेवलेली.

मी डबं उघडलं. स्लीव्ह काढली. वायर होती तिथं परत लावली. लई स्वच्छ जोड लागला.

मला त्या वेळी काय वाटलं असं तू विचारशील. आठवायचा प्रयत्न केलाय मी. मला वाटतं काहीच वाटलं नाही. सोल्डर वितळलं, चकाकलं, थंड झालं. मी कपॅसिटर लावला नाही, कारण तो लावला असता तर कळलं असतं.

मग ते दोघं आले आणि आम्ही बघायला लागलो. ट्रान्झिस्टर शॉर्ट, ते लगेच सापडलं. मग काकांनी साधा प्रश्न विचारला. क्रोबार का नाही उडाला? बोर्ड टेबलावर घेऊन सायमानं व्होल्टेज चढवत नेलं, आणि ठरल्या ठिकाणी ते बरोबर उडालं. परत केलं, परत उडालं. ती माझ्याकडं बघायला लागली, मी मीटरकडं. काका भिंग घेऊन बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "आत्ता चालतंय, सकाळी नाही चाललं. गेटला ड्राय जॉइंट असणार. वरून चांगला दिसतो आणि आतून धरलेला नसतो. होतं असं, बेटा."

ड्राय जॉइंट म्हंजे कच्चा जोड. कच्चा जोड म्हंजे ज्यानं लावला त्याचा हात कच्चा. हे काका बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती, आमच्यात एवढं सगळ्यांना कळतं.

त्या वेळी मी बोलू शकत होते. कुणी अडवलं होतं? काका रागावले असते तासभर. मी म्हणाले काय माहितीये? मी म्हणाले, "हो काका, मलापण तसंच वाटतंय."

सायमा म्हणाली, "मेराच हाथ कच्चा होगा." मग त्या सेटच्या वरच्या बाजूवरून तिनं एकदा ओढणीनं धूळ पुसली. जळलेल्या सेटवरून. आणि खाली जाऊन काकूंना भांडी घासू लागली.

परीक्षेला ती आली नाही. मी फोन केला तर म्हणाली, अब्बा की तबियत ठीक नहीं. मग एकदा खरं बोलली, शांतपणे — "जिसका जोड़ नहीं टिकता उसने लायसन लेके क्या करना, कोमल. किसी और का जला देगी." मी म्हणाले, असं नको बोलू गं. एवढंच म्हणाले. मग तिनं यायचं बंद केलं. मी परीक्षा दिली, पास झाले, लायसन आलं.

इथंपर्यंत वाचून तुला वाटेल, चल, घाबरली होती पोरगी, लहान होती. मलापण कधीकधी तसं वाटून घ्यावंसं वाटतं. पण यापुढचं ऐक.

आता क्लबमध्ये नवीन लोक आले की सोल्डरिंग मी शिकवते. मला छान शिकवता येतं, लोक म्हणतात. ड्राय जॉइंट शिकवायचा तर एखादी गोष्ट लागते, नुसतं सांगून ध्यानात राहत नाही. मग मी सांगते — आमच्याकडं एक मैत्रीण होती, क्रोबार बनवला, इतका देखणा, आणि ऐन वेळी राखणदारच झोपला. सेटची चटणी. इथं मी थांबते, कारण इथं लोक हसतात. मग मी म्हणते, म्हणून जोड हलवून बघायचा, दिसण्यावर जायचं नाही. दरवेळी सांगते. कुणी सांगायला लावत नाही. नाव घेत नाही तिचं, पण जुन्यांना माहितीये कोण ते. मागच्या महिन्यात पण सांगितली. हशा आला, मग मी पुढच्या मुद्द्यावर गेले.

सायमा हल्ली वैजापूरला असते, सासरी. तिचा नंबर आहे माझ्याकडं. ईदला मेसेज करते, ती हात जोडलेला इमोजी पाठवते. रेडिओबद्दल आम्ही बोलत नाही.

तिचा जोड पक्का होता. तो मी उकलला होता, आणि काकांनी भिंगातून ज्याला कच्चा म्हटलं तो माझा होता.