गुडघ्यांवरचे हात

"उभा कर त्याला. पावनं आल्यात."

भाऊ हे माझ्याशी बोललेच नाहीत. माझ्या बायकोशी, रेखाशी बोलले. मी तिथेच कॉटवर होतो. कमरेखाली माझं अंग गेलंय, कान शाबूत आहेत.

भाऊ म्हणजे आमच्या सुदुंबऱ्याकडचे मोठे जमीनवाले. त्यांच्याच पोल्ट्रीच्या शेडवर पत्रे चढवताना मी पडलो. मणका गेला. मग त्यांनी मला घरी उभं राहायला लोखंडी स्टँड दिला. पुढच्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, त्यांच्या नावाची पाटी. त्यांच्या लोणावळ्याच्या बंगल्यावर आलेले पाहुणे परत निघाले की भाऊ त्यांना वाट वाकडी करून आमच्या बौद्धवस्तीत आणायचे. मला दाखवायला.

रोज उभं राहिलं नाही तर पाय आखडतात, हाडं ठिसूळ होतात, हे फिजिओथेरपीच्या मॅडमनी घरी येऊन समजावलं होतं. पण स्टँड आणताना माझं माप कुणी घेतलंच नव्हतं. गुडघ्याला टेकायची गादी मांडीवर यायची. म्हणून रेखा समोर पाटावर बसायची आणि दोन्ही तळव्यांनी माझे गुडघे मागे रेटून धरायची. तिच्या खांद्यांना कळ लागायची. विचारलं तर म्हणायची, "गप ऱ्हावा. सरळ बघा." माझ्या उभं राहण्याचं सगळं ओझं तिच्या हातांवर होतं, आणि मला तिच्या तोंडाकडं बघवत नसे.

त्या दिवशीही तिनं मला पट्ट्यांनी बांधून उभं केलं. माझे आबा दारातल्या बाजेवर बसून राहिले. भाऊंच्या घरचं कुणी आलं की उठून उभं राहायची रीत आमच्या आज्यानं धर्म बदलल्यावर मोडली. आबा आजही उठत नाहीत. मी मात्र उभा होतो. वर हातही जोडले होते.

पाहुण्यानं मोबाइल काढला.

"पाटी दिसंना," भाऊ म्हणाले. "ए, बाजूला सरक."

रेखा हलली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "हो बाजूला. दोनच मिनिटं."

तिनं हात काढले. गुडघे दुमडले. कमरेचा पट्टा छातीवर सरकला आणि मी खाली घसरलो. मला धरायला तिनं हात पुढं घातला. माझं सगळं वजन तिच्या मनगटावर आलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

जाताना भाऊ म्हणाले, "फोटू नीट न्हाई आला. पुढल्या येळंला बघू."

मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. रेखा एका हातानं पीठ मळायची. परात सरकायची, ती पायानं दाबून धरायची. मला म्हणायची, "तुमी काय मुद्दाम केलं न्हाई." तिचं हे बोलणं मला सोसायचं नाही. हात काढले तर काय होईल, हे मला पक्कं माहीत होतं. तरी भाऊंचा शब्द मी खाली पडू दिला नाही. बायकोचं मनगट मोडू दिलं. लाज वाटते. जेवताना वाटते, ती अंग पुसते तेव्हा तर जास्तच.

भाऊ पुन्हा आले. नवे पाहुणे. प्लॅस्टर बघून म्हणाले, "म्हातारा धरंल की. उभा कर."

"न्हाई," मी म्हणालो.

"काय न्हाई?"

"पावन्यांसाठी मी उभा ऱ्हाणार न्हाई."

"स्टँड कुणाचा हाय?"

"तुमचा. घिऊन जावा."

संध्याकाळी त्यांचा गडी टेम्पोत घालून स्टँड घेऊन गेला. वस्तीतले काही म्हणाले, मला मस्ती आलीय. रेखानं रिकाम्या झालेल्या जागेवरून झाडू फिरवला.

आता आबा आणि मेव्हणा मला दाराच्या चौकटीला धरून उभं करतात. आबांना धाप लागते, लवकर खाली बसवावं लागतं. टाचा आखडायला लागल्यात. मॅडम म्हणाल्या, असंच चाललं तर पुढं उभं राहणं अवघड होईल. होऊ दे. रेखाचा हात बरा झाला आणि तिची इच्छा असली, तर ती पुन्हा माझ्यासमोर बसेल. तिला बाजूला हो म्हणणारा कुणीही असो, आमच्या दारातून आत येणार नाही. आणि ते शब्द माझ्याच तोंडी आले, तर तिनं मला तिथंच सोडून द्यावं. हे मी तिला आबांसमोर सांगितलंय.