पप्पा, सायकल आणि बारडोलीचा नवरा

चाकाचा शोध कुणी लावला ते मला माहीत नाही, पण तो माझ्या वडिलांसाठी लावला, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते. पारोळ्याजवळच्या एका खेड्यातून पप्पा सुरतेला आले ते एक लोखंडी ट्रंक आणि एक काळी सायकल घेऊन. पुढे नव्वदच्या दशकात आमच्या लिंबायतच्या गल्लीत एकेका घरापुढे स्कूटर उभी राहायला लागली, तरी आमच्या दारात तीच सायकल होती. तिला पुसायला जुनं धोतर चालत नसे, मम्मीच्या बऱ्यापैकी साडीचा मऊ तुकडाच लागे. मम्मी म्हणायची, "माझ्या अंगावर साडी चढते ती सायकलीकडे जायच्या वाटेवर थोडा विसावा घ्यायला." पप्पा इच्छापोरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. लिंबायत सुरतेच्या एका टोकाला आणि इच्छापोर दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे, मध्ये अख्खी तापी. कारखान्याची बस होती, ती उधना दरवाज्यापर्यंत यायची. पण पप्पांचं म्हणणं असं, की बस गाठायला सायकल लागतेच, मग एकदा सायकलीवर बसल्यावर मध्येच उतरायचं कशाला? कारखान्याच्या मॅनेजरने हा प्रश्न ऐकला आणि बसच्या यादीतून त्यांचं नाव खोडून टाकलं.

सायकलीला घंटी होती, पण पप्पा ती वाजवत नसत. माणसाला घंटी वाजवून बाजूला करणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. समोर कोण चाललंय ते पाठीवरून ओळखून ते त्याच्या भाषेत विनंती करत. गुजराती बाई असेल तर "जरा बाजुए, बेन", यूपीचा कारागीर असेल तर "भैया, थोडा साइड", आणि आपला खान्देशी असेल तर थेट "सरक रे भो!" त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. चुकला तर ते सायकलीवरून उतरून माफी मागत, त्या माणसाचं गाव विचारत, आणि मग त्याला कॅरिअरवर बसवून घेत. अशा एका गृहस्थांना स्टेशनला उतरायचं होतं. पप्पांच्या गप्पांत स्टेशन कधी गेलं ते दोघांनाही कळलं नाही, आणि गृहस्थ आमच्याकडे कळण्याची भाकरी खाऊन, मम्मीला "भाभी" म्हणून, पुन्हा पप्पांच्याच कॅरिअरवर बसून गेले. त्यांची गाडी अर्थातच चुकली होती. पण दिवाळीला ते मिठाईचा डबा घेऊन आले, तेव्हा पप्पांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू गाडी चुकवणं हा त्यांच्याच योजनेचा भाग होता.

रविवारी आम्ही चौपाटीवर लोचो, म्हणजे सुरतेचा तो मऊ, वाफाळता डाळीचा पदार्थ, खायला जायचो. हँडलला लावलेल्या छोट्या सीटवर माझा धाकटा भाऊ, पुढच्या दांडीवर टॉवेलची घडी आणि त्यावर मी, कॅरिअरवर मम्मी, आणि उरलेल्या जागेत पप्पा. एकदा चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराने हात आडवा केला. आम्हा चौघांकडे त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काका, आ सरकस छे के शुं?" पप्पा अत्यंत नम्रपणे म्हणाले, "ना साहेब, फेमिली छे." हवालदाराने हात खाली केला, एवढंच नाही, तर आमच्यासाठी उजवीकडची वाहनं थांबवली. मम्मी लाजेने पदर ओढून बसली होती, पण पप्पांनी मंत्र्यासारखा डावीकडे उजवीकडे हात हलवला.

सामानाच्या बाबतीतही सायकलीला नाही हा शब्द माहीत नव्हता. घरात आत्याला तोंड बघायला धड आरसा नाही, म्हणून पप्पांनी एक भला थोरला आरसा घेतला आणि कॅरिअरला दोरीने उभा बांधला, काच मागच्या बाजूला. मागून एक रिक्षावाला येत होता. त्याला अचानक समोरून एक रिक्षा थेट आपल्या अंगावर येताना दिसली. त्याने हॉर्न वाजवला, समोरचा हटेना. त्याने मूठ उगारली, समोरच्यानेही उगारली. मग खास सुरती शिव्यांची सरबत्ती सुरू झाली, आणि पप्पांना वाटलं की मागे दोन रिक्षावाल्यांचं भांडण जुंपलंय. ते मध्यस्थी करायला उतरले, सायकल वळवली, आणि दुसरा रिक्षावाला नाहीसा झाला. आरसा मात्र घरी पोहोचला तो एकही ओरखडा न घेता.

हा आरसा जिच्यासाठी आला ती माझी आत्या, म्हणजे पप्पांची एकुलती एक धाकटी बहीण. आम्ही मुलं तिला सुरतेच्या रीतीने फुई म्हणायचो. ती आमच्याकडेच राहायची, घरबसल्या साड्यांना टिकल्या चिकटवायची, आणि तिचं लग्न जमत नव्हतं. दोन ठिकाणी बोलणी होऊन मोडली होती. गावाकडे आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, एक बिजवर हेरून ठेवला होता आणि "सुरतेकडचं हे शेवटचं स्थळ, नाही जमलं तर पोरीला गावी घेऊन जाईन" असं बजावूनच ते सुरतेला आले होते. शेवटचं स्थळ बारडोलीचं होतं. मुलगा तिथल्या साखर कारखान्यात फिटर, घराणं आपलंच खान्देशी, पण दोन पिढ्या बारडोलीत मुरलेलं. बघायच्या कार्यक्रमात मुलाने पोह्यांतली मिरची चुकून चावली आणि डोळ्यांत पाणी आलं तरी "छान झालेत" म्हणाला, तेव्हा फुई फिसकन हसली. दोन वर्षांत आम्ही तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. पप्पांनी त्याच क्षणी मनात अक्षता टाकल्या होत्या.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी सकाळी शेजारच्या दुकानात बारडोलीहून फोन आला. सुपारी फोडायला कधी येऊ, हे विचारायचंच होतं, म्हणून आबा स्वतः गेले. परतले ते लालबुंद होऊन. टोपी काढून खाटेवर आपटली आणि म्हणाले, "त्या पोऱ्यानं लगीन व्हयेल शे! आपली पोर त्या घरमा देवानी नही!"

मुलाचं म्हणे आधीच लग्न झालं होतं. पप्पांनी विचारलं, नक्की काय म्हणाले ते लोक? आबा म्हणाले, खुद्द मुलाच्या बापाच्या तोंडून ऐकलंय, असले निर्लज्ज शब्द बायकामुलींपुढे बोलायची माझी तयारी नाही, संध्याकाळच्या गाडीने मी पोरीला घेऊन निघतो. मम्मीने डोळ्यांना पदर लावला.  फुई टिकल्या चिकटवत राहिली, फक्त साडी उलटी धरली आहे हे तिला कळत नव्हतं. पप्पांनी तिच्याकडे बघितलं, उरलेला चहा संपवला आणि दोन्ही चाकांतली हवा अंगठ्याने दाबून बघितली.

"मी विचारून येतो," ते म्हणाले.

"फोन कर ना," मम्मी म्हणाली.

"असलं फोनवर विचारायचं नसतं. तोंड बघून विचारायचं असतं."

"मग बसने जा."

"बसने गेलो तर पोहोचेपर्यंत नुसता राग चढत जाईल. सायकलने गेलं की राग पायांत उतरतो." आणि आबांकडे वळून म्हणाले, "मी येईपर्यंत ट्रंक बांधायची नाही."

बारडोली काही शेजारच्या गल्लीत नाही. भर उन्हात सायकलने तिथे जायचं म्हणजे वेडेपणाच. या प्रवासाची हकीकत पप्पांनी पुढे इतक्या वेळा सांगितली, की दर वेळी रस्ता थोडा लांबत गेला आणि ऊन चढत गेलं. पण बारडोलीत काय घडलं याबद्दल मात्र त्यांचं आणि फुईच्या नवऱ्याचं आजही शब्दाशब्दावर एकमत आहे.

पप्पा पोहोचले तेव्हा मुलगा अंगणात उघड्याने बसून टेबलफॅन खोलत होता. त्याचे वडील घरात झोपले होते. तेवढ्यात हिरव्या बांगड्या भरलेली एक तरुण बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. पप्पांचा घसा कोरडा पडला होता, तरी त्यांनी पाण्याला हात लावला नाही. "या कोण?" "मोठ्या भाऊंच्या मिसेस," मुलगा म्हणाला. मग पप्पांनी पाणी प्यायलं, आणि थेट विषयाला हात घातला. पप्पा गंभीर झाले की अहिराणी सोडून पुस्तकी मराठी बोलायचे.

"खरं सांगा. आपण नवरे आहात का?"

"हां, नवराच ना!" मुलगा प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला.

पप्पांनी सायकलीचा हँडल घट्ट धरला. "कधीपासून?"

"सीझन संपला तेव्हापासून. आखा दिवस नवरा."

"आणि हे तुमच्या वडिलांना ठाऊक आहे?"

"तेच तर रोज ओरडतात, एवढा मोठा झाला आणि नवरा बसून राहतो. म्हणून आज पंखा खोलला."

पप्पा म्हणतात, हँडल त्यांच्या हातातून कधी सुटला ते त्यांना समजलं नाही. सायकल अंगणात आडवी झाली आणि पप्पा तिच्या शेजारी बसून पोट धरून हसायला लागले. गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा, बिनकामाचा. हा शब्द पप्पा स्वतः सुरतेत दिवसातून दहादा वापरायचे. बारडोलीच्या व्याह्यांची अहिराणी आता निम्मी गुजराती झाली होती, आणि त्यांनी फोनवर भोळेपणाने सांगितलं होतं, "पोऱ्या हाल नवराच शे, कव्हय बी या." ऊस संपला, कारखाना बंद, मुलगा मोकळाच आहे, केव्हाही या, एवढाच त्याचा अर्थ. उभा जन्म पारोळ्याकडे काढलेल्या आबांनी मात्र ऐकलं, की मुलगा आधीच नवरा आहे आणि वर केव्हाही या म्हणतात!

आता आबांची समजूत कोण घालणार? पप्पा म्हणाले, मी सांगितलं तर ते मलाही सामील धरतील. मुलाने अंगात शर्ट घातला आणि म्हणाला, "चला. नवराच आहे मी." परतताना दोघांनी आळीपाळीने पायडल मारलं. वाटेत पप्पांनी त्याला एक वाक्य शुद्ध मराठीत पाठ करायला लावलं.

संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, गल्लीच्या तोंडाशी गलका झाला. भावी जावई घामाघूम होऊन सायकल चालवतोय आणि त्याच्या मागे कॅरिअरवर पप्पा दोन्ही हात वर करून बसलेत, असं ते दृश्य होतं. मॅच जिंकलेल्या कप्तानाचीही एवढी मिरवणूक निघत नसेल. लूमवरून सुटलेले कामगार, भाजीवाली, फोनवाला दुकानदार, सगळे मागे. सायकल आमच्या दारात थांबली. ट्रंक बांधून तयार होती, कारण आबा कुणाचं ऐकतात थोडेच. मुलगा त्यांच्या पाया पडला आणि पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणाला, "आबा, मी नवरा आहे, पण अजून कुणाचा नाही!"

पप्पांनी अर्थ समजावून सांगितला. आबा बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग त्यांच्या मिश्या हलायला लागल्या, आणि ते म्हणाले, "मंग मनी पोरना व्हई जा!" आतल्या खोलीतून टिकल्यांचा डबा खाली पडल्याचा आवाज आला. पुढे कित्येक दिवस आमच्या फरशीवर कुठेही पाऊल टाकलं तरी तळव्याला टिकली चिकटायची.

लग्न महिनाभरात झालं. मांडवात पप्पा इतके मिरवले, की अनोळखी पाहुण्यांनी त्यांनाच हार घातला. मग पाठवणीची वेळ आली. फुलांनी सजवलेली मॅटाडोर फुईला घेऊन निघाली, आणि तेव्हा कुठे पप्पांच्या लक्षात आलं, की ज्या लग्नासाठी आपण उन्हातान्हात बारडोली गाठली, ते लग्न आपली बहीण घरातून घेऊन चाललं आहे. ते सायकलीवर बसले आणि मॅटाडोरच्या खिडकीशेजारून निघाले. फुईने ड्रायव्हरला हळू चालव म्हणून सांगितलं. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "दादा, माघारी फिर, किती लांब येशील?" पप्पा पुढे बघत म्हणाले, "तुझ्यासाठी कोण येतंय? आज नवरा आहे, म्हणून आलो." फुई सांगते, ती तेव्हा हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. तिने खिडकीतून हात काढून त्यांच्या खांद्यावर ठेवला. शहर संपून मोकळा रस्ता लागेपर्यंत तो हात तिथेच होता. मग मॅटाडोर पुढे गेली.

घरी आल्यावर पप्पांनी मम्मीकडे पाणी मागितलं. तांब्या तोंडाला न लावता ते उंबऱ्यावर बसून राहिले. "फार मोठं वाटतंय गं घर," ते म्हणाले. एवढ्याशा दोन खोल्यांना मोठं म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. मम्मी त्यांच्या शेजारी येऊन बसली.

पुढच्या रविवारी पहाटेच पप्पा सायकल पुसत होते. कुठे निघालात, असं घरात कुणीच विचारलं नाही. मम्मीने फक्त फुईच्या आवडीच्या, खापरावर भाजलेल्या पुरणाच्या मांड्यांचा डबा आणून कॅरिअरला बांधला.